बोडणाच्या दिवशीची मालगाडी

“पण माई, गोडी लावायची म्हणजे माणसाने नेमकं करायचं तरी काय?”

वामनराव मेहेंदळे ओसरीवरच्या बाकावर बसून विचारत होते. समोर चटईवर माई जप करत होत्या.

माईंनी डोळे उघडले नाहीत. एक मणी पुढे सरकला.

माई वाईच्या कृष्णाकाठच्या घाटावर, देवीच्या देवळात राहत. भगवं वस्त्र नाही, मठ नाही, कुणाला मंत्र देणं नाही. पांढरं लुगडं, पोथी आणि तोंडात देवीचं नाव. पण मेहेंदळ्यांच्या घरी कुठलंही शुभकार्य त्यांच्या पावलांशिवाय सुरू होत नसे. घरच्या इंदूताई त्यांना गुरू मानत. वामनरावही मानत, पण वाद घालत घालत.

आज घरात बोडण होतं. लेक रेणुका माहेरी बाळंत झाली होती, नातू झाला होता. बाळ जन्मलं की या घराण्यात देवीचं बोडण भरायचं. माजघराचं दार आतून लावलेलं. आत परातीत अन्नपूर्णा बसवलेली, तिच्यावर पुरणावरणाचा नैवेद्य, दूध, दही, तूप, मध. सवाष्णी आणि एक कुमारिका मिळून ते सगळं हातांनी कालवणार. कुमारिका त्या दिवशी साक्षात देवी. ती ‘पुरे’ म्हणेपर्यंत ‘बाई, काय हवं?’ विचारायचं आणि मागेल ते घालायचं. पुरुषांनी डोकावायचं नाही.

आजची देवी म्हणजे रेणुकाची थोरली, शांभवी. नुकतंच पाचवं लागलेलं.

“आणखी दूध!” आतून देवीचा आवाज आला.

“घाला गं बाई, घाला!” आणि हसण्याचा कल्लोळ.

वामनराव कपाळाला आठ्या घालून म्हणाले, “बघा. पहाटेपासून इंदूने पुरण वाटलं. ताट कसं रांगोळीसारखं सजवलं होतं! आणि आता त्याचा चिखल.”

“कालवतंय कोण?” माईंनी विचारलं.

“आमची शांभवी. आणखी कोण?”

“मग चिखल कुठला…”

वामनरावांनी मान वळवली. त्यांना तो विषय नको होता. त्यांना आपला विषय हवा होता.

विषय एकच होता, त्यांची आगगाडी.

साखर कारखान्यातून इंजिनिअर म्हणून निवृत्त झाले आणि त्यांनी माडीवरची खोली ताब्यात घेतली. खोलीभर टेबल आणि टेबलावर अख्खा घाट उभा केला. बोगदे, पूल, हात वर-खाली करणारे सिग्नल, कौलारू स्टेशन. इंजिनं बोटाएवढी, पण कळ फिरवली की खऱ्यासारखी धावत. गावोगावचे लोक पाहायला येत, हात पाठीमागे बांधून पाहत आणि ‘वा!’ म्हणून जात. दारावर पाटी होती : ‘हात लावू नये.’

“उद्या जावई येतोय,” वामनराव म्हणाले. “भोपाळला घेऊन जाईल सगळ्यांना. शांभवी एवढे महिने इथे होती, माई. मला वाटलं होतं, हिला नाद लागेल. माझ्यामागे ते सगळं बघायला कुणीतरी होईल. नाहीतर काय… मी डोळे मिटले की भंगारवाला आहेच.”

“मग? नाही लागला?”

“सुरुवातीला यायची. स्टुलावर बसवायचो. वाफेचं इंजिन कसं, डिझेलचं कसं, रूळ कसे बदलतात, सगळं समजावून सांगायचो. ऐकायची बिचारी. आणि मग एक दिवस…”

“काय केलं तिने?”

“बोट लावलं! पॅसेंजर घाट चढत होती, हिने मागून बोट लावून ढकलली. चार डबे दरीत! मी ओरडलो. म्हटलं, गाडी विजेवर चालते, हाताने ढकलायचं खेळणं नाही हे!”

“मग?”

“मग काय. त्या दिवसापासून जिना चढली नाही. मीही कुलूप घातलं. नंतर दहादा बोलावलं, चॉकलेट दाखवलं. नाही म्हणते. मान हलवते नुसती.” वामनरावांचा आवाज खाली आला. “रागावली असती तर परवडलं असतं हो. ती घाबरलीय.”

माईंनी आणखी एक मणी ओढला.

मग म्हणाल्या, “वामना, तुझी मालगाडी रे? ती चढते का घाट?”

वामनराव चपापले. “ती… ती यार्डात असते. शोभेला.”

“बरं.”

मणी पुढे सरकला.

खरी गोष्ट वामनरावांनी कधी कुणाला सांगितली नव्हती. मालगाडी घाट चढतच नसे. जड डबे, एकटं इंजिन. अर्ध्या चढावर चाकं जागच्या जागी फिरत. खऱ्या घाटात अशा गाडीला मागून दुसरं इंजिन लावतात, त्याला बँकर म्हणतात. ते ढकलत ढकलत गाडी माथ्यावर नेतं. वामनरावांनी बँकर लावून पाहिला होता. किती वेळा! पण दोन इंजिनांचा वेग जुळेना. मागचं जोर करी, मधले डबे रुळावरून उडत. शेवटी त्यांनी मालगाडी यार्डात उभी केली आणि पाहुण्यांना सांगू लागले, ही शोभेची.

“पुरे!” आतून देवी म्हणाली.

“पुरे म्हणाली गं बाई, प्रसन्न झाली!”

कडी वाजली. दार उघडलं आणि शांभवी बाहेर आली. रेशमी परकर, कपाळभर कुंकू, कोपरापर्यंत पुरण आणि दूध. एक मूठ घट्ट मिटलेली. बोटांच्या फटीतून तूप ठिबकत होतं.

मागून इंदूताई धावत आल्या. “अगं सोने, हात धू आधी!”

“हे गाईला द्यायचंय. तूच म्हणालीस.”

“देऊ गं. गाय रानातून यायचीय अजून. संध्याकाळी येईल.”

“मग दुसऱ्या गाईला देते.”

“दुसरी कुठली गाय आणलीस?”

शांभवीने आजोबांकडे पाहिलं, पटकन नजर वळवली आणि हळूच म्हणाली, “वर आहे ना. बोगद्याच्या पलीकडे. तपकिरी. तिला एकच शिंग आहे.”

वामनराव बाकावरून अर्धे उठले.

माथ्यावरच्या स्टेशनापलीकडे, बोरीच्या झुडपाआड, त्यांनी शाडूची एक गाय करून ठेवली होती. तांदळाएवढी शिंगं. त्यातलं एक सुकताना मोडलं. इतकी माणसं येऊन ‘वा!’ म्हणून गेली, पण ती गाय कुणालाच दिसली नव्हती.

“तुला… तुला कधी दिसली ती?”

“रोज दिसायची,” शांभवी म्हणाली. “तिच्याकडे कुणी जात नाही. गाडी थांबतच नाही तिथे.”



माईंनी माळ कपाळाला लावली, गुडघ्यावर हात टेकून उठल्या आणि वामनरावांसमोर रिता तळहात धरला.

“काय हवं, माई?”

“किल्ली.”

माडीची किल्ली वामनरावांच्या जानव्याला बांधलेली असे. अंघोळीलाही ती अंगावरून उतरत नसे.

“माई, ते तुपाचे हात… रुळांना तूप लागलं तर वीज पोचत नाही. चाकं घसरतात. सगळे रूळ परत…”

माईंचा हात तसाच होता. म्हातारा हात, पण मागे न जाणारा.

वामनरावांनी नातीकडे पाहिलं. ती पाटावरून उठलेली देवी आता परकराच्या घडीत अंगठा खुपसून उभी होती. आपण काही चुकीचं बोललो का, एवढंच शोधत होती त्यांच्या चेहऱ्यावर.

त्यांनी जानवं ओढलं. गाठ सुटेना. दाताने सोडवली.

माडीच्या दारापाशी माईंनी पाटी वाचली. हातातली माळ पाटीच्या खिळ्याला अडकवली, पदर सावरला आणि आत गेल्या.

खोलीत धूळ बसली होती. वामनरावांनी दिवा लावला, फडक्याने टेबलाच्या कडा पुसल्या. उगीच. रूळ पुसायला हात वळला, तसे माईंचे डोळे आडवे आले.

शांभवी दाराशीच होती.

“आत सगळ्या जणी तिला काय विचारत होत्या रे?” माईंनी विचारलं.

“कुणाला?”

माईंनी दाराशी उभ्या शांभवीकडे पाहिलं.

वामनरावांनी घसा साफ केला. अख्ख्या कारखान्यावर हुकूम चालवलेला माणूस, पण शब्द सुटता सुटेना. शेवटी नातीसमोर गुडघ्यावर बसले आणि म्हणाले, “बाई… काय हवं?”

शांभवी बघत राहिली. मग हळूच म्हणाली, “ती.”

बोट यार्डाकडे होतं. मालगाडीकडे.

“ती नको गं. पॅसेंजर घेऊ या, छान पळते.”

“पॅसेंजरमध्ये हे कुठे ठेवू? तिला खिडक्याच आहेत नुसत्या.” तिने मूठ पुढे केली. “हिला वरून उघडं आहे.”

वामनरावांनी माईंकडे पाहिलं. माई खिडकीबाहेरची कृष्णा पाहत होत्या.

“शांभवी,” ते म्हणाले, “मालगाडी घाट चढत नाही. आजोबांना नाही जमलं ते.”

जन्मात पहिल्यांदा बोलले. बोलले आणि वाट पाहिली, आता काहीतरी कोसळेल म्हणून. काही कोसळलं नाही.

“थोडीसुद्धा नाही चढत?”

“अर्ध्यापर्यंत येते.”

“मग चालेल,” शांभवी म्हणाली आणि मूठ उघड्या डब्यात रिकामी केली. पुरण, दही, मध, सगळं. डबा काठोकाठ भरला. तुपाचा एक ओघळ चाकावरून रुळावर उतरला. वामनरावांचा हात फडक्याकडे गेला आणि परत आला.

कळ फिरली. इतकी वर्षं रिकामी उभी असलेली मालगाडी पहिल्यांदा माल घेऊन यार्डातून निघाली. डबे खडखडले. पूल ओलांडला. पहिला बोगदा मागे टाकला. चढ सुरू झाला.

अर्ध्यावर आली…

आणि थांबली. इंजिनाची चाकं फिरताहेत, गाडी जागची हलत नाही. मग इंचभर मागे सरकली.

शांभवीचा हात वर गेला. बोट शेवटच्या डब्याजवळ पोचलं आणि तिथेच अडलं. तिने मान वळवून आजोबांकडे पाहिलं. ओठ दुमडलेले. डोळे मोठे.

गाडी आणखी जराशी मागे आली.

वामनरावांच्या कानात त्यांचाच ओरडा घुमला.

“ढकल,” ते म्हणाले.

“…ढकलू?”

“तू बँकर आहेस. बँकरशिवाय घाट चढतो का कुणी? ढकल, बाई!”

शांभवीने बोट टेकवलं. गाडी थरारली. मधला डबा डुलला, एक चाक उचललं गेलं.

“हळू! माझ्या वेगाने…” म्हणता म्हणता वामनराव थांबले. “नाही, नाही. तू तुझ्या वेगाने ये. मी कळ जुळवतो.”

आता ते इंजिनाकडे पाहत नव्हते. ते नातीच्या बोटाकडे पाहत होते. बोट रेंगाळलं की कळ खाली, बोट सरसावलं की कळ वर. तुपाने ओलं बोट, पुरणाने माखलेलं. पण किती मऊ, आणि किती नेमकं! डबा पुन्हा रुळावर बसला. गाडी रांगू लागली. एक वळण… दुसरं वळण… शांभवी टेबलाच्या कडेने टाचा उचलून सरकत होती, जीभ दातांत धरून.

इंजिन माथ्यावर आलं. मागोमाग एकेक डबा. शेवटचा डबाही.

“चढली!” वामनराव ओरडले. “इंदू! रेणुका! अगं, मालगाडी घाट चढली! बँकर लागला, बँकर!”

जिना धडधडला. सवाष्णी पदर खोचून वर आल्या, रेणुका बाळाला छातीशी धरून आली. गाडी झुडपापाशी, एकशिंगी गाईसमोर थांबली होती आणि शांभवी बोटाच्या टोकाने तिला प्रसाद भरवत होती. वामनराव स्टेशनाची घंटा वाजवत होते, थांबतच नव्हते. डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि तोंडभर हसू.

“आजोबा,” शांभवीने खडसावलं, “घंटा पुरे. परत खाली न्यायचीय. मग परत वर.”

“होय बाई, होय.”

“आणि हिच्यासाठी रोज गाडी आणायची. मी नसले तरी.”

“आणतो. आणि तू दिवाळीला आलीस की?”

“मग मी ढकलीन. तुम्हाला एकट्याला नाही जमणार.”

“नाहीच जमणार,” वामनराव म्हणाले. इतक्या अभिमानाने ते कधी काही बोलले नव्हते.

इंदूताई दाराशी कमरेवर हात ठेवून उभ्या होत्या. टेबलभर पुरणाची बोटं, रुळांवर तूप, बोगद्याच्या तोंडाशी दही. “अहो, काय हा अवतार! पानं वाढलीयेत खाली. माई, तुम्ही तरी सांगा यांना. बोडण संपलं म्हणावं.”

माईंनी खिळ्यावरची माळ काढून घेतली. पाटीही माळेबरोबर निघून आली. ती त्यांनी इंदूताईंच्या हातात दिली.

“खालचं संपलं,” माई म्हणाल्या.