दुमडलेलं जाजम

एका राज्यात घरं पेरली जात. जोंधळा पेरावा तशी. राजाचा मांत्रिक कुंभक मुठीत माती घेई, तिच्यावर फुंकर मारी आणि माळावर भिरकावी. सूर्य डोक्यावर यायच्या आत तिथं चार भिंती, छप्पर, दार आणि पेटती चूल उभी राही. त्या राज्यात याचं कुणाला नवल वाटत नसे.

अवघड होता तो माळ. तो मावळतीच्या राजाचा की उगवतीच्या राजाचा, हे कुणालाच सांगता येत नव्हतं. दोघांच्या पणजोबांपासून त्यापायी लढाया होत आल्या, दोन्हीकडची माणसं पडली आणि शेवटी दमून दोन्ही घराण्यांनी शपथ वाहिली. दरवर्षी चैत्रात माळावर एकच जाजम अंथरायचं, त्यावर समोरासमोर बसून बोलायचं आणि तोड काढायची. जाजम मात्र मोकळ्या जमिनीवरच अंथरायचं. ज्या वर्षी त्याला जागा उरणार नाही, त्या वर्षी तलवारी उपसायच्या.

पहिल्या वर्षी जाजमावर दोन्हीकडची शंभर शंभर माणसं ऐसपैस बसली. पुढच्या चैत्रात माळावर मावळतीच्या राजासाठी कुंभकानं पेरलेली वीस घरं होती, म्हणून जाजम एकदा दुमडलं. त्याच्या पुढच्या वर्षी आणखी एकदा.

एका बाजारातली गोष्ट सांगतात. दोघे जण उपरण्याखाली बोटं धरून, बोटांनीच भाव सांगत, बैलाचा सौदा करत होते. घेणाऱ्याचा डावा हात उपरण्याखाली, उजव्या हातात बैलाची वेसण. बोलणं फार गोड चाललं होतं. चहूकडच्या गप्पा झाल्या, सोयरिकी निघाल्या, आणि बोलता बोलता तो वेसण ओढत राहिला. सौदा ठरायच्या सुमाराला बैल त्याच्या गोठ्यात वैरण खात होता. मावळतीचा राजा असाच बोलत असे. फार गोड.

उगवतीचा राजा चिडून म्हणे, "ती घरं काढा, मग बोलू."

मावळतीचा राजा हात जोडून म्हणे, "महाराज, तिथं दूध उतू गेलं आहे."

इथं बोलणं अडे. दोन्ही राज्यांत नव्या घरात पाऊल टाकलं की चुलीवर दूध ठेवीत आणि ते उतू जाऊ देत. दूध उतू गेलं की ते घर झालं. अशा घराच्या भिंतीला राजानंसुद्धा हात लावायचा नाही, हा दोन्हीकडचा कायदा.

अशाच एका पेरलेल्या घरात चिमा राहत होती. तिचा नवरा नागोजी मावळतीच्या राजाचा शिलेदार. लढाईत गुडघा गेला, त्याबद्दल राजानं त्याला हे घर दिलं. चिमा मात्र उगवतीची लेक. जाजम मोठं होतं तेव्हा सोयरिकीही होत असत, त्यांतली ती एक. माळ ओलांडला की तिचं माहेर. तिच्या दारातून माहेरचा पिंपळ दिसे आणि पिंपळाखालच्या दगडी गडग्यावर एक लाल ठिपका दिसे. ते आईचं वाळत घातलेलं लुगडं. ठिपका दिसला की आई आहे, एवढं कळे. सात वर्षं चिमाला आईची एवढीच खबर होती.

जायचं म्हणून ती तीनदा निघाली होती. पहिल्यांदा गाठोडं घेऊन सरळ चालत गेली. दुसऱ्यांदा पाठमोरी चालली. तिसऱ्यांदा डोळे मिटून, आईचं नाव घेत. तिन्ही वेळा शेवटचं पाऊल आपल्याच घराच्या उंबऱ्यावर पडलं. कुंभकाची मायाच तशी होती. पेरलेल्या घरात जी रांधते, तिची वाट त्या घरापाशीच संपते.

आठव्या चैत्रात कुंभकानं चिमाच्या घरापुढं आणखी एक रांग पेरली. समोर भिंत आली. पिंपळाचा शेंडा तेवढा उरला, लाल ठिपका गेला.

चिमा दिवसभर त्या भिंतीकडे बघत बसली. आई आहे की नाही, हे आता विचारायचं कुणाला?

भिंतीवर एक टिटवी येऊन बसली. "काय बघतेस? माझं घर बघतेस की तुझं?"

"तुझं घर कुठलं इथं?"

"तुझ्या चुलीखाली," टिटवी म्हणाली. "तीन अंडी होती माझी. उघड्यावर घालते मी, मला कुठं भिंती परवडतात! वरून तुझं घर उगवलं. आता मी येते, बोंबलते, आणि तुम्ही म्हणता टिटवी अशुभ ओरडली."

चिमा खजील झाली. "माझ्या हातून काही होईल का, बाई?"

"ही माया मोडायला तीन कबुल्या लागतात. मातीची, विस्तवाची आणि माणसाची. तिन्ही जाजमासमोर द्यायच्या. पहिल्या दोन तुला मिळतील. तिसरी आजवर कुणी दिलेली नाही." एवढं बोलून टिटवी उडाली.

चिमानं खुरपं घेतलं आणि चुलीशेजारची जमीन उकरली. वीतभर खाली तीन अंडी होती, गारगोट्यांसारखी टणक झालेली. ती तिनं पदरात बांधली. मातीची कबुली झाली.

मग तिनं चुलीत उलथनं घालून चाचपलं. सात वर्षं ती चूल जळत होती आणि सात वर्षांत तिच्यातून चिमूटभर राख निघाली नव्हती. भांडी घासायला चिमा ओढ्याची माती आणत असे, आणि कुणी विचारलं तर म्हणे, मातीनं लख्ख निघतात. तिनं रिकामं सूप उचललं. विस्तवाची कबुली झाली.

तिसरी कबुली तिनं सात वर्षं पोटात ठेवली होती. तिला ती ठाऊक होती.

त्या वर्षी साऱ्या माळावर मोकळी जागा उरली होती ती चिमाच्या अंगणाला लागून, पाटाएवढी. जाजम दुमडून दुमडून उशीएवढं जाड झालं होतं. दोन्ही राजे त्यावर एकेक गुडघा टेकून बसले. मागं दोन्हीकडची फौज उभी होती. कुंभकाच्या मुठीत शेवटची माती होती. मावळतीचा राजा गोड बोलत होता.

चिमा अंगणातून तीन पावलं पुढं आली.

"बाई, आपण कोण?" मावळतीच्या राजानं विचारलं.

"आपल्याच राज्यातली, महाराज. शिलेदार नागोजींची बायको. आपण दिलेल्या घरात राहते." तिनं पदर सोडला. "ही त्या घराखाली सापडली."

कुंभक हसला. "राजे काय आता पाखरांची अंडी उबवणार?"

चिमानं सूप पुढं ठेवलं. "ही माझ्या चुलीची सात वर्षांची राख."

सूप रिकामं होतं. उगवतीच्या राजानं वाकून पाहिलं आणि कित्येक वर्षांत पहिल्यांदा तो हसला.

"विस्तव उत्तम असला की राख होत नाही," कुंभक म्हणाला.

मावळतीच्या राजाचा आवाज कडक झाला. "राख असो वा नसो. त्या घरात दूध उतू गेलं आहे. सारी वस्ती साक्षीला होती."

चिमानं नागोजीकडे पाहिलं. तो भाला टेकून दुखऱ्या गुडघ्यावर उभा होता. त्याला घर मिळालं तेव्हा त्यानं स्वतः बाभळीची खुंटी तासून भिंतीत ठोकली होती आणि दिवसभर तीच बघत बसला होता. आता बोललं तर ते घर जाणार. नाही बोललं तर आई.

"नाही गेलं, महाराज."

चिमानं रिकाम्या सुपाकडे बोट दाखवलं.

"बाकी सारं शिजतं त्या चुलीवर. पण पहिल्या दिवशी दूध दुपारभर ठेवलं होतं. साय धरली नाही, बुडबुडा आला नाही. बाहेर सनई वाजत होती, हे दारात वाट बघत उभे होते. मी पळीनं दूध विस्तवावर ओतलं आणि ओरडले, गेलं, उतू गेलं!"

नागोजी भाल्याच्या आधारानं एक पाऊल पुढं आला. मग म्हणाला, "सात वर्षं बोलली नाहीस?"

"मग तुम्ही खुंटी ठोकायला घेतलीत," चिमा म्हणाली. "किती हौसेनं."

तेवढ्यात शेजारचं दार करकरलं. एक म्हातारी बाहेर आली. "माझंही पळीनंच ओतलेलं, महाराज. मला वाटलं, माझ्याच हाताचा दोष." तिच्या पलीकडच्या दारातून दुसरी बोलली, "माझंही." मग तिसरी. माळभर दारं उघडत गेली आणि प्रत्येकीला वाटत होतं की फक्त तिचंच दूध वर आलं नव्हतं.

शेवटची बाई बोलली आणि घरं मातीला मिळाली. आवाज झाला नाही. भिंती होत्या, मग नव्हत्या. माणसं, भांडी, पाळणे होते तिथं उघड्यावर राहिले. कुंभकानं घाईनं माती फेकायला मूठ उगारली, पण मूठ उघडेना. ती पुढं जन्मभर उघडली नाही. जाजम आपलं आपण उलगडू लागलं, घडी घडीनं, धूळ झटकत, आणि दोन्ही राजे एकमेकांपासून दूर सरकत चांगल्या ऐसपैस अंतरावर येऊन बसले.

"म्हणजे माळ आमचा ठरला," उगवतीचा राजा लगबगीनं म्हणाला.

टिटवी त्याच्या मुकुटावरून किंचाळत गेली. सुपाशेजारी तिन्ही अंडी तडकली होती आणि तीन पिल्लं काटक्यांसारख्या पायांवर उभी राहत होती. राजानं ती पाहिली आणि पुढचं वाक्य गिळलं.

त्या दिवशी मावळतीच्या राजाला गोड बोलायला काही सुचलं नाही, त्यामुळं तोड लवकर निघाली. माळ गुरांना, पाखरांना आणि ये-जा करणाऱ्यांना. जाजम आहे तोवर माळावर कुणी विटेवर वीट ठेवायची नाही. उघड्यावर पडलेल्या माणसांना मावळतीच्या राजानं आपल्या हद्दीत खरी जमीन आणि खऱ्या विटा द्यायच्या. दोघांनी त्याच मातीत हात टेकून शपथ वाहिली.

नागोजी आपल्या जागेवर वाकून काहीतरी शोधत होता. त्याला खुंटी सापडली. ती विरली नव्हती.

"ही माझी होती," तो म्हणाला. तिच्यावरची माती त्यानं अंगठ्यानं पुसली. मग चिमाकडे न बघता म्हणाला, "जाऊन ये. सासूबाईंना दंडवत सांग."

चिमा निघाली. दर पावलाला तिला वाटे, आता आपलाच उंबरा येणार. पण आता तो उंबरा नव्हता आणि तिला वळवणारं काही उरलं नव्हतं. माळ संपला. पिंपळ जवळ आला. गडग्यावर लाल लुगडं होतं, विरलेलं, दोन ठिकाणी ठिगळ लावलेलं. तिनं मान खाली घातली आणि उंबऱ्यावर पाऊल ठेवलं. उंबऱ्याला मधोमध खळगा होता. लहानपणी त्यात ती चिंचोके फोडायची.

आत आई भिंतीला टेकून बसली होती. केवढीशी झाली होती.

"आलीस?" आई म्हणाली. "बरं झालं. चुलीवर दूध आहे, जरा बघ. माझ्यानं उठवत नाही."

चिमा चुलीपाशी गेली. दुधावर साय धरली होती. कडेनं बुडबुडे आले, साय फुगली, वर आली, काठाशी थरथरली. चिमाचे हात बाजूलाच होते.

राखेत चर्र झालं.

"अगं, उतू गेलं की गं!" आई म्हणाली.

"जाऊ दे, आई," चिमा म्हणाली. "जाऊ दे."