उत्तरेची उघडी भिंत

ही उत्तरेकडची भिंत नीट पाहा. बाकी सगळं देऊळ बांधून काढलंय, आणि इथेच मध्ये माणूस आडवा झोपेल एवढी जागा मोकळी. दोन्ही बाजूंचे दगड सरळ थांबवलेत, म्हणजे ही पडझड नव्हे, मुद्दाम ठेवलेली जागा आहे. पावसाळ्यात इथून पाणी आत येतं, कुत्री येतात. गेल्या खेपेला एका शहाण्या पाहुण्याने तर कारागिरांच्या नावाने बोटं मोडली. तुम्ही मोडू नका. फोटो खुशाल काढा, पण ती जागा ओलांडून जाऊ नका, एवढं ऐका.

आमच्या सांबेरीच्या सायबिणीचं, म्हणजे मारियामातेचं, हे देऊळ एके काळी कॅथेड्रल होतं, बिशपांची खुर्ची इथे असायची. मग गावाला वेढा पडला. माणसं आसऱ्याला देवळात शिरली, आणि तोफेच्या माऱ्यात छप्परच खाली आलं, असं सांगतात. आत होते ते आतच राहिले. पुढे कैक वर्षं तिथे नुसता निवडुंग माजला होता, गुरंसुद्धा तिकडे फिरकत नसत.

शेवटी गावाने देऊळ पुन्हा उभारायचं ठरवलं. बिशपांचा निरोप आला की खालची माणसं उचलल्याशिवाय आणि जुन्या जोत्याचा माग लागल्याशिवाय एकही नवा दगड बसवायचा नाही. म्हणून आधी खणती सुरू झाली. दोऱ्या बांधून जमिनीचे चौकोन पाडले. पहार लावायची नाही, खुरप्याने माती काढायची, चाळणीतून गाळायची, आणि हाड दिसलं की घंटा वाजवायची. घंटा झाली की काम थांबे. ज्यांची माणसं गेली होती ते येत, खूण ओळखत, आणि पाद्री त्या हाडांना आवारात माती देत.

या खणतीचा मुकादम होता बस्त्याव. त्याची थोरली बहीण इजबेल इथेच गेली होती. बस्त्याव तेव्हा पाळण्यात होता. आता त्याचे केस पिकायला आले, तरी त्याची आय नातालीन रोज खणतीच्या कडेला येऊन बसायची. पोरीच्या गळ्यात चांदीचा क्रूस होता, एवढंच ती सांगायची.

बस्त्यावला मात्र घाई होती. बायको आपलोन हिची आधीची सगळी बाळं गेलेली. या खेपेला तो पडक्या वेदीपुढे नवस बोलला होता की पोर जगलं तर त्याच्या डोक्यावर बाप्तिस्म्याचं पाणी नव्या देवळातच घालीन. मुलगी झाली, धडधाकट झाली. पण बिनपाण्याची पोर म्हणजे उघड्यावर ठेवलेला दिवा. भिंती उठेपर्यंत ती तशीच राहणार, हे त्याच्या काळजाला लागून राहिलं होतं.

उत्तरेच्या जोत्याशी खणताना त्याच्याच खुरप्याला क्रूस लागला. माती झाडली तशी लहान हाडं दिसली, आणि त्यांच्याभोवती विळखा घातलेले दोन मोठे हात. हातांत हिरव्या काचेच्या बांगड्या होत्या, गळ्याशी काळे मणी. खाडीपल्याडच्या मिठागरातली कोणीतरी बाई. आपल्या धर्माची नव्हे! तिला उचलायचं तर पल्याडची माणसं बोलवा, त्यांचा भगत येणार, पाद्री त्याला आत येऊ देणार नाहीत, आणि तंट्यात महिने जाणार. बस्त्यावने इकडेतिकडे पाहिलं. मग ते हात सोडवून त्याने बहीण काढून घेतली, बाईवर माती लोटली, आणि मग घंटा वाजवली.

इजबेलला माती दिली त्या दिवशी नातालीन पोटभर रडली, आणि कैक वर्षांत प्रथमच सावकाश जेवली म्हणे.

भिंती चढू लागल्या. सगळीकडे चुना धरला, उत्तरेला तेवढा धरेना. आज लावावा, उद्या बोटाला ओला लागावा. गवंडी म्हणू लागले की आतून काच किणकिणते. बस्त्यावने त्यांना झापलं, पण स्वतः तिकडे पाठ करून उभा राहीना. इकडे घरी पोरीने दूध सोडलं. कोणी घेतलं की अंग ताठ करायची. दिवसेंदिवस ती वाळत चालली.

एका दुपारी आपलोन घरात दिसेना. बस्त्याव धावत देवळात आला. ती उत्तरेच्या भिंतीपुढे उभी होती, डोळे उघडे, आणि बाळ दोन्ही हातांवर पुढे धरलेलं, जणू समोर कोणी घ्यायला उभं आहे. बाळ हसत होतं. त्याने हिसकून पोर छातीशी धरली तशी ती किंचाळायला लागली.

“मागत होती,” आपलोन म्हणाली. “हात रिकामे केलेत माझे म्हणाली.”

पाद्र्यांनी पवित्र पाणी शिंपडलं. चुना आणखीच ओला झाला. तेव्हा बस्त्याव आयच्या पायांशी बसला आणि त्याने सगळं सांगून टाकलं.

नातालीनने त्याची हनुवटी धरून तोंड वर केलं. मग तिने विचारलं, “बांगड्या हिरव्या होत्या?”

“होय.”

“मीठ घेऊन यायची आपल्या दारी. त्या दिवशी मीच इजबेलला तिच्या कडेवर दिली. म्हटलं, धर गं हिला जरा, मी आलीच. तू घरी झोपलेला होतास रे, तुला आणायला धावली. परत आली तर छप्पर खाली.” म्हातारीने त्याचे दोन्ही हात धरून वर केले. “ती अजून धरूनच होती, बस्त्याव. मी सांगितलं म्हणून. आणि तू ते हात सोडवलेस?”

बस्त्यावने स्वतःच्या हाताने भिंत फोडली. पल्याडची माणसं आली, भगतही आला, आणि पाद्री वाटेतून बाजूला झाले. इतकी वर्षं वाट पाहून मिळालेली लेक नातालीनने आवारातून पुन्हा उकरली, पदरात घेतली, आणि खाली उतरून त्या हातांत ठेवली.

“आली गं मी,” ती म्हणाली. “पण तुझ्याकडेच राहू दे हिला.”

त्या संध्याकाळी बस्त्यावची पोर आईच्या अंगावर प्याली असं सांगतात. तिच्या डोक्यावर पाणी इथेच, या उघड्या जागेशी घातलं गेलं, आणि दोघी इथेच खाली निजल्यात म्हणून इथे दगड बसवायचा नाही असं गावाने ठरवलं.

आजही सांबेरीत बाळाचा बाप्तिस्मा असला की आधी पल्याडहून एका बाईला मानाने बोलावतात. ती हिरव्या बांगड्या भरून इथे उभी राहते. आई बाळ तिच्या हातांत देते, “धर गं जरा” म्हणते, आणि देवळाच्या दारापर्यंत जाते. तिथून “आली गं मी!” अशी हाक दिल्याशिवाय ती बाई पोर कोणाला देत नाही, पाद्र्यालासुद्धा नाही. रीतीत नुसतं परत यायचं असं आहे, पण सावकाश चालत आलेली आई मी तरी अजून पाहिलेली नाही.