शेवटचा गट गेल्यावर

एकदा एक गृहस्थ होते, आणि चाललेल्या कामात सुधारणा करण्याची त्यांना फार हौस होती. आडनाव कारखानीस. पाण्याचे पंप बनवण्याचा त्यांचा उद्योग, वय पंचेचाळीस, स्वभाव सरळ पण घाईचा. ते ज्या गोल्फ क्लबचे सभासद होते, तिथल्या शनिवारच्या खेळाची व्यवस्था एका वृद्धाकडून त्यांच्याकडे येत होती, त्या वेळची ही हकीकत.

गोल्फ म्हटले की आपल्याकडे पुष्कळांच्या कपाळाला आठी पडते. म्हणतात, श्रीमंतांचे चोचले. पडू द्या आठी. माणसे तिथेही माणसेच असतात, आणि गवत चांगले राखलेले आहे म्हणून एकटे पडण्याचे दुःख काही कमी होत नाही.

तर तिथली रीत अशी होती. शनिवारी स्पर्धा वगैरे काही नसे, नुसता हौसेचा खेळ. सकाळी साडेसहाला जे येतील त्यांनी आपापला चेंडू तात्यांच्या कापडी टोपीत टाकायचा. तात्या म्हणजे पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले, अठ्ठ्याहत्तर वर्षांचे वृद्ध. ते टोपी गवतावर उपडी करत आणि जवळजवळ पडलेले चार-चार चेंडू वेगळे काढत. ज्यांचे चेंडू एकत्र, ते चौघे त्या दिवसाचे सोबती. मग त्यात कोणी पटाईत असो की कोणी नवशिका. तीस वर्षे असेच चालले होते, आणि त्यावरची कुरकुरही तीस वर्षे चालली होती.

पुढे तात्यांचे गुडघे थकले. मुलाकडे दुसऱ्या गावी राहायला जायचे त्यांनी ठरवले आणि ते कारखानीसांना म्हणाले, "शनिवार आता तुम्ही सांभाळा. मी महिनाभर उपचारांत आहे, तेवढ्यात तुमचा हात बसेल."

कारखानीसांनी पहिल्याच आठवड्यात टोपी बंद केली. प्रत्येकाने आपले चौघे आपणच ठरवावेत, शुक्रवारी संध्याकाळपर्यंत मोबाईलवर नावे कळवावीत, की यादी तयार. गोंधळ नाही, ताटकळणे नाही. पटाईत मंडळी खूश झाली. "तीस वर्षांत हे कोणाला सुचलं नाही," असे एकाने पाठीवर थाप मारून सांगितले, तेव्हा कारखानीसांच्या अंगावर मूठभर मांस चढले.

एकच नाव कुठल्याही चौघांत बसेना. विरूपाक्षअण्णा, हळदीचे व्यापारी. पत्नी गेल्यानंतर, साठीत, डॉक्टरांच्या सांगण्यावरून ते हा खेळ शिकू लागले होते. खेळ यथातथाच. पण आठवडाभर पेढी आणि रिकामे घर यांत काढणारा हा माणूस शनिवारी चार तास कोणाशी तरी बोलत चाले, आणि त्या चार तासांवर त्याचा पुढचा आठवडा निघे. अण्णांनी एकट्याचेच नाव पाठवले. कारखानीसांनी नियमाप्रमाणे त्यापुढे 'प्रतीक्षेत' असे लिहिले. पुढच्या शुक्रवारी नाव आलेच नाही. हौस फिटली असेल, असे म्हणून कारखानीसांनी विषय सोडून दिला.

मग तात्यांचा अखेरचा शनिवार आला. कारखानीसांनी खपून तयारी केली. सोळा जण, चार गट, आणि पहिल्या गटात क्लबमधल्या तीन उत्तम खेळाडूंबरोबर तात्या. निरोपाचा खेळ मानाचा व्हावा, अशी त्यांची मनापासून इच्छा होती. नावे वाचून झाली. तात्यांनी सगळ्यांना नमस्कार केला आणि ते जवळच्या बाकावर जाऊन बसले.

"तुम्ही व्हा पुढे," ते म्हणाले. "मी मागून येतो."

मागून म्हणजे कोणाबरोबर, हे कोणालाच कळेना. पुष्कळ आग्रह झाला, पण तात्या ढिम्म हलले नाहीत. पहिला गट तिघांचाच गेला. दुसरा गेला, तिसरा गेला. कारखानीसांचा चेहरा उतरला. त्यांनी आपल्या गटालाही पुढे पाठवले आणि ते बाकापाशी आले.

"तात्या, माझं काही चुकलं असेल तर तोंडावर सांगायचं. सगळ्यांसमोर असं कशाला?"

"त्या चिंचेखाली करडी गाडी दिसते?" तात्या म्हणाले. "आत अण्णा आहेत. पायात खेळायचे बूट आहेत. रखवालदार सांगत होता, गेले तीन शनिवार येतात, काच वर करून बसतात, आणि शेवटचा गट दिसेनासा झाला की घरी जातात."

कारखानीसांनी चिंचेकडे वळून पाहिले. मग म्हणाले, "पण त्यांनी मला सांगायचं ना. मी बसवलं असतं कुठेतरी."

"काय सांगायचं? मला कोणी घेत नाही, असं साठीच्या माणसाने आपल्या तोंडाने सांगायचं?" तात्यांचा आवाज चढला नाही. "टोपीत चेंडू टाकला की कोणी मागायचं नाही, कोणी नाकारायचं नाही. त्यासाठी ती टोपी होती. तरी काही जणांना टोपीपर्यंत यायचाही धीर होत नाही. त्यांच्यासाठी मी मागे राहतो. बोलावून आणलं तर माणसाला दया केल्यासारखं वाटतं. एकटा म्हातारा बसलेला दिसला, तर तो आपण होऊन येतो. उपकार आपणच करतोय, अशा समजुतीने ताठ मानेने येतो."

तेवढ्यात गाडी सुरू झाल्याचा आवाज आला. कारखानीस ताडकन उठले. आज अण्णा गेले तर ते पुन्हा या मैदानावर येणार नाहीत, हे त्यांना आता पुरते कळले होते.

"धावू नका," तात्यांनी त्यांचा हात धरला. "उलट त्या शेडमागे व्हा जरा. दोघे दिसलो तर त्यांना वाटेल, यांचं जमलंय."

आणि दोनशे कामगारांचे मालक कारखानीस निमूटपणे शेडमागे जाऊन उभे राहिले.

गाडी थोडी मागे आली आणि थांबली. इंजिन बराच वेळ चालू राहिले. मग बंद झाले. दार उघडले, आणि खांद्यावर पिशवी टाकून अण्णा तरातरा बाकाकडे आले.

"तात्या, एकटेच? तुम्हाला ठेवून गेले हे लोक? काय माणसं म्हणायची ही." अण्णांचा संताप अगदी खरा होता. "उठा. मी आहे ना."

शेडमागे कारखानीसांच्या डोळ्यांत पाणी आले. जवळजवळ हेच शब्द पाच वर्षांपूर्वी याच बाकापाशी त्यांनी स्वतः उच्चारले होते. तेव्हा ते नवे सभासद होते आणि दोन शनिवार गाडीतूनच परत गेले होते. तिसऱ्या शनिवारी एक वृद्ध एकटे बसलेले दिसले आणि त्यांना कणव आली. त्या दिवशी आपण तात्यांना सोबत दिली, असे ते आजवर किती जणांना ऐटीत सांगत आले होते.

ते पुढे आले. "अण्णा, यादी मी केली होती. चूक माझी आहे. मला तुमच्यात घ्याल का?"

अण्णांनी तात्यांकडे पाहिले. तात्या म्हणाले, "घ्या त्यांना. तिघे असलो तर माझ्या गुडघ्यांना तेवढाच विसावा."

तिघे खेळले, आणि निवांत खेळले. अण्णांनी दोन चेंडू तळ्यात घालवले. हळद कशी पारखायची ते सांगता सांगता ते पत्नीविषयी बोलू लागले आणि मधेच थांबून म्हणाले, "तिचं नाव मोठ्याने घेऊन महिना झाला असेल." कारखानीसांनी घड्याळाकडे एकदाही पाहिले नाही.

खेळ संपला की टोप्या काढून एकमेकांशी हात मिळवायचे, अशी या खेळाची रीत आहे. अण्णांनी तात्यांशी हात मिळवला. कारखानीस मात्र खाली वाकले आणि त्यांनी तात्यांच्या पायांना हात लावला.

"अहो, इथे हात मिळवतात," तात्या हसून म्हणाले.

"हात आजच्या खेळासाठी मिळवतो, तात्या. हा नमस्कार पाच वर्षांपूर्वी करायचा राहिला होता."

तात्यांनी त्या वाकलेल्या पाठीवर हात ठेवला आणि बराच वेळ तो काढला नाही.

आज ज्याला चौघांत हक्काची जागा आहे, त्याने एवढेच आठवून पाहावे, की आपण बाहेर घुटमळत होतो तेव्हा आपल्यासाठी मागे कोण थांबले होते.