पुण्याहून तिसऱ्यांदा आलेले साहेब

भरवसा कुणावर ठेवावा हो, विकणाऱ्याच्या बोलण्यावर की वागण्यावर?

अकलूजचे दिगंबर माळवदे गावोगाव कॉम्प्युटर दुरुस्त करत फिरून थकले होते. दुकानात बसूनच दूरचा कॉम्प्युटर दुरुस्त करायचं सॉफ्टवेअर विकायला पुण्याहून कंपनीचे साहेब तिसऱ्यांदा आले. किंमत म्हणजे दुकानाची वर्षाची कमाई.

"दुसऱ्या कुणाचं स्वस्तातलं घेऊन पस्तावाल, माळवदे! आमचं घ्या, मग कुठं जायलाच नको."

"मग साहेब, हे सांगायला तीनदा गाडी काढून कशाला आलात?"

साहेब चाचरले. "समोर माणूस असला की गिऱ्हाइकाचा विश्वास बसतो."

"माझ्याही गिऱ्हाइकाचं तेच हो," दिगंबरराव थकल्या आवाजात म्हणाले. "दुरून होतील त्या चार कामांना स्वस्तातलं पुरे."

मंडळी, विकत घेण्याआधी तुमची अशी दुरून होणारी कामं किती, याचा हिशेब प्रामाणिकपणे मांडा, एवढी विनंती.