खाडीमायचा वसा

ऐक खाडीमाये, तुझी कहाणी.

खाडीच्या काठाला एक आटपाट बंदर होतं. तिथं आवडाई नावाची चुनेवाली होती. नवरा लवकर गेला. पदरी एक मुलगा, दारात एक भट्टी. खाडीतले रिकामे शिंपले वेचावे, भट्टीत भाजावे, चुना विकावा. एक दिवस चूल पेटे, एक दिवस न पेटे.

एके दिवशी दारी एक म्हातारी आली. आवडाईनं बसायला पाट दिला, अर्धी भाकर दिली. म्हातारी म्हणाली, "बाई, खाडीमायचा वसा घे."

"तो कसा घ्यावा? काय करावं?"

"जिवंत शिंपला भट्टीत घालू नये. सरपणाला खाडीच्या चिखलात वाढणाऱ्या तिवराचं एक झाड तोडलं, तर तीन रुजवावीत. श्रावणी सोमवारी भट्टी विझवावी, खाडीला ओंजळभर गोडं पाणी वाहावं. भरभराट झाली म्हणून वसा सोडू नये."

आवडाईनं वसा घेतला. खाडीमाय प्रसन्न झाली. राजानं किल्ला बांधायला काढला, त्याला चुना हवा झाला. मग एका भट्टीच्या तीन झाल्या. हातात पाटल्या आल्या, घरात सून आली, बंदरातल्या शंभर घरांना काम मिळालं. चांगलंच झालं हो, बायांनो. उपाशी राहण्यात कसलं आलंय पुण्य!

पण चुना कितीही काढला तरी कमीच पडू लागला. मग आत जीव असलेला शिंपलाही भट्टीत जाऊ लागला. तिवरं तोडायला माणसं होती, लावायला कुणी नव्हतं. श्रावण आला, म्हातारी आली. "आवडाई, भट्टी विझव."

"आजी, आधी घरावर माडी चढू दे, मग विझवते."

दुसरा श्रावण आला, म्हातारी आली. "आवडाई, तिवरं लाव."

"आजी, आधी सात भट्ट्या होऊ देत, मग लावते."

तिसरा श्रावण आला, म्हातारी आली. "आवडाई, वसा पाळ."

"आजी, आधी खाडीमायचं पांढरंशुभ्र देऊळ होऊ दे. मग सगळं एकदमच करते."

हसू नका. आपणही 'जरा हातात येऊ दे, मग बघू' असंच म्हणतो. म्हातारी काठी टेकत निघून गेली.

मग काय झालं? खाडीचं पाणी अडवणारा बांध तिवरांच्या मुळ्यांनी धरला होता. तिवरं गेली, बांध उघडा पडला. भादव्याच्या उधाणानं तो फुटला. खारं पाणी शेतात शिरलं, विहिरीत शिरलं. शिंपले संपले, सातही भट्ट्या थंड पडल्या. सून शेवंती सात महिन्यांची गरोदर. घोटभर पाणी प्यायची आणि ओकायची.

आवडाई घाबरली. तिला वसा आठवला. पण वाहायला गोडं पाणी बंदरात नव्हतं. शेवंतीच्या माहेराहून रोज एक कळशी येई, तेवढीच. आवडाईनं कळशीकडं पाहिलं, मान खाली घातली. शेवंती म्हणाली, "आत्याबाई, न्या त्यातलं तांब्याभर."

आवडाई तांब्या घेऊन काठावर गेली. चिखलात म्हातारी उभी. आवडाईनं ओळखलं, पाय धरले. "माये, चुकले. पदरात घे."

खाडीमाय म्हणाली, "पाणी घरी ने, पोटुशीला पाज. देऊळ राहू दे. मला माझी तिवरं दे."

आवडाई उठली. तिनं पदर खोचला. बंदरातल्या बाया तिच्यामागं चिखलात उतरल्या. सहा भट्ट्या पाडल्या, त्यांचे दगड बांधाला लावले. गुडघाभर चिखलात तिवरं रुजवली. पहिल्या वर्षी मुळ्यांनी चिखल धरला. दुसऱ्या वर्षी खेकडे आले, बगळे आले. तिसऱ्या वर्षी शिंपले आले. उरलेली भट्टी पुन्हा पेटली, श्रावणी सोमवारी विझली, मंगळवारी पेटली. कामाला आलेलं कुणी रिकाम्या हातानं परत गेलं नाही.

शेवंतीला मुलगी झाली होती. बाळंतपण माहेरच्या कळशीवर निभावलं, मग पोर मचूळ पाण्यावरच वाढली. चौथा पावसाळा सरला आणि विहीर गोडी झाली. आवडाईनं पहिला पोहरा काढला, नातीला पाजला. पोरीनं तोंड वाकडं केलं.

"आजी, ह्या पाण्याला चवच नाही."

आवडाईला रडू आवरेना. पोरीला पोटाशी धरून म्हणाली, "असंच बिनचवीचं पी गं बाई, जन्मभर."

खाडीमाय जशी आवडाईला पावली, तशी तुम्हांआम्हां पावो, लेकीबाळींच्या तोंडी गोडं पाणी पडो. साठां बोलांची कहाणी पाचां बोलांत सांगितली, सुफळ झाली, पुरी झाली.