उतू न गेलेलं दूध

प्रवरेच्या काठी चिंचखेडं नावाचं लहानसं गाव आहे. पावसाळा सरला की शांतवनबाबा तिथं आठ-पंधरा दिवस मुक्कामाला येत. खांद्याला एकतारी, झोळीत टाळ आणि एक पितळी पेला, एवढाच त्यांचा संसार. प्रभू येशूच्या नावाचं कीर्तन करावं, मिळेल ती भाकरी खावी आणि चहाला मात्र कधी नाही म्हणू नये, असा बाबांचा नेम होता.

बाबा उतरत सगुणाबाईच्या घरी. घर म्हणजे एक खोली आणि पुढं पडवी. नवरा साखर कारखान्यावर, सासू मार्थाबाई तीन वर्षं खाटेला खिळलेल्या. चर्चपर्यंत जाणं त्यांना जमत नव्हतं, म्हणून मंडळीची शनिवारची प्रार्थना-बैठक त्या घरीच भरायची. त्या एका शनिवारासाठी म्हातारी सहा दिवस कसेबसे काढायची हो!

बैठकीत प्रार्थनेचा मान शमुवेल मास्तरांचा. मास्तर मंडळीचे पंच. शाळेतून निवृत्त झाले होते, पण छडी काही मनातून सुटली नव्हती. त्यांची प्रार्थना जगाच्या उत्पत्तीपासून सुरू व्हायची. जलप्रलय ओसरायला पाव तास लागे, आणि मिसर देशातून सुटका होईस्तोवर मागची दोन-चार माणसं घोरू लागत. तेवढा वेळ सगळ्यांचे डोळे गच्च मिटलेले असावेत, हा मास्तरांचा दंडक.

सगुणाबाईची पंचाईत तिथंच व्हायची. बैठकीनंतरचा चहा तिच्याकडं. ती चुलीवर दूध ठेवून दाराशी बसे, एक डोळा मिटलेला आणि एक पातेल्यावर. एका शनिवारी मास्तरांनी तिला सगळ्यांसमोर झापलं.

"सगुणा, तुझा देव आभाळात आहे की पातेल्यात? असली प्रार्थना कौलांच्या वर जात नाही. पुढच्या शनिवारी डोळे उघडे दिसले, तर बैठक माझ्या घरी नेईन!"

माणसं हसली. मास्तरांचे स्वतःचे डोळे मिटलेले असताना त्यांना हे दिसलं कसं, हे विचारायची मात्र कुणाची छाती झाली नाही. खाटेवरची म्हातारी तेवढी भिंतीकडं तोंड करून पडून राहिली.

त्याच आठवड्यात बाबा आले. सगुणाबाईनं त्यांच्यापुढं पदर डोळ्यांना लावला. "बाबा, डोळे मिटले तर दूध जातं, उघडले तर आत्याबाईंची बैठक जाते. मी करू तरी काय?"

बाबा म्हणाले, "पोरी, लेकराला पाजताना देवाचं नाव घेत होतीस ना? तेव्हा डोळे मिटत होतीस का?"

"छे! लेकराकडं बघत होते."

"मग तशीच बस. तुला जे बघायचं ते तू बघ. दुधाचं तो बघेल."

सगुणाबाईला यातलं काही उमगलं नाही. पण बाबांना उलट कोण विचारणार!

शनिवारी चार वाजता पडवी भरली. मास्तर आपल्या दीड वर्षाच्या नातीला, रोझीला घेऊन आले होते. नातीवर त्यांचा भारी जीव. तिला मांडीवर बसवून, दोन्ही हात वर करून त्यांनी उत्पत्तीपासून सुरुवात केली. हात वर गेले आणि रोझी मांडीवरून खाली.

इकडं सगुणाबाईनं भीतीनं डोळे मिटून घेतले होते. पण बाबांचे शब्द आठवले आणि तिनं ते उघडले. बघते तर काय, अंगणात रोझी धुण्याच्या दगडावर चढून म्हशीच्या हौदात वाकलेली! त्याच क्षणी चुलीवर दूध वर आलं. बैठक, दूध, सगळं सोडून बाई धावली. वाटेत कुणाच्या तरी पायावर पाय पडला.

"अगं आई गं!"

"कोण आहे तिकडं? डोळे मिटा!" मास्तर गरजले आणि पुढं चालू झाले, "हे प्रभो, आमच्या लेकराबाळांना पाण्यापासून, विस्तवापासून राख..."

तेवढ्यात हौदात धबकन आवाज झाला. पाठोपाठ सगुणाबाईनं खांद्यापर्यंत हात घालून पोरीला बाहेर ओढलं. रोझीनं असा टाहो फोडला की झोपलेलेही जागे झाले. चिंचखेड्यात मास्तरांची प्रार्थना पहिल्यांदाच आमेनवाचून थांबली. त्यांनी धावत जाऊन ओल्या नातीला छातीशी धरलं.

"अगोबाई, माझं दूध!" सगुणाबाई आत धावली, तिच्यामागं सगळी बैठक. आणि काय सांगावं! चुलीत जाळ भडकलेला, दूध काठाच्या बोटभर वर येऊन भाकरीसारखं टम्म फुगलेलं, आणि तसंच थांबलेलं! खाली थेंब नाही. बाबा मार्थाबाईंच्या खाटेशी बसले होते. ओठ हलत होते, डोळे टक्क उघडे. सगुणाबाईनं सांडशीनं पातेलं उतरवलं, तेव्हा कुठं दूध खाली बसलं.

मास्तर बाबांच्या पायांवर कोसळले. बाबांनी झटकन पाय ओढून घेतले. "माझ्या कशाला पाया पडता? तुमची प्रार्थना कौलांच्या वर गेली बरं का, मास्तर! तुम्ही 'राख' म्हणालात, त्यानं राखलं. डोळे जिचे उघडे होते, तिच्याकडून करून घेतलं."

"मग मास्तर," खाटेवरून मार्थाबाईंनी विचारलं, "पुढच्या शनिवारी बैठक कुठं?"

"इथंच, आई!" मास्तर म्हणाले. "प्रार्थना सगुणाबाई करतील, डोळे मिटून. दुधापाशी मी बसेन."

पुढच्या शनिवारी सगुणाबाईनं किती वर्षांनी निवांत डोळे मिटले. मास्तर बाह्या सरसावून, सांडशी घेऊन चुलीपाशी बसले. पण जन्माची सवय! "हे प्रभो" ऐकलं आणि त्यांचे डोळे आपोआप मिटले. बाईची प्रार्थना मिनिटभराचीच, पण दुधाला तेवढं पुरलं. चर्रर्र आवाज झाला आणि घरभर करपलेला वास पसरला.

"बाबा, आज देवानं दूध का नाही राखलं?" मास्तर रडकुंडीला आले.

"आज त्यानं तुम्हाला बसवलं होतं की!" बाबा म्हणाले.

मार्थाबाईंना खाटेवर हसू आवरेना. मास्तरही हसले, आणि सगुणाबाईच्या चुलीपुढं गुडघे टेकून, कमरेत वाकून, आपल्या उपरण्यानं दूध पुसू लागले. त्या दिवशी सगळ्यांनी कोरा चहा घेतला. बाबांनी दोन पेले.