कोरा रकाना

“मग तो बाप होणार नाही, असंच ना?”

काशीमचाचांनी मान वर न करता विचारलं. चाळीस वर्षं त्यांनी पुरुषांचे नमुने तपासले होते. निनाद मोठ्या कॉलेजातून त्यांच्या हाताखाली शिकायला आला होता.

“असंच. वीर्यातल्या या प्रथिनाची तीन रूपं असतात, चाचा. बीजाबरोबर येणारं रूप याच्या नमुन्यात जवळजवळ नाहीच. यंत्र तीनदा चालवलं. यंत्र चुकत नाही.”

“नाव?”

“सोपान गुरव. बाहेर बसलाय. सासरा पण आलाय. रिपोर्ट वाईट निघाला तर मुलीला आजच घेऊन जाणार म्हणतो.”

चाचांनी फॉर्म ओढला. एका रकान्यावर बोट ठेवलं.

‘नमुना पूर्ण आला का?’

पुढे कोरं.

“हे विचारलं नाहीस?”

“असं कसं विचारायचं, चाचा? माणूस आधीच मेल्यासारखा झाला होता.”

“तो झाला होता, का तू?”

चाचांनी एक रिकामी डबी घेतली. तिच्यावर निनादचं नाव लिहिलं. त्याच्या हातात दिली.

“जा. भरून आण.”

“चाचा, चेष्टा करताय?”

“मी चेष्टा करतो का कधी?”

निनाद डबी मुठीत लपवून निघाला. बाकावरच्या बायकांनी पाहिलं. एक हसली. सासऱ्याने पाय आखडून वाट दिली.

लगेच परत आला. डबी रिकामीच.

“नमुन्याच्या खोलीचं दार आतून लागत नाही, चाचा. कडी तुटलीय.”

चाचांनी तोच फॉर्म पुढे सरकवला.

“बीज कुठल्या थेंबांत जास्त असतं?”

“पहिल्या...”

निनाद थांबला. मग बाहेर गेला. सोपानला कोपऱ्यात घेतलं, हळू आवाजात विचारलं.

सोपान फरशीकडे बघत बोलला.

“एक हात दाराला होता, साहेब. सुरुवातीचं सांडलं. सांगणार कुणाला?”

निनाद आत आला. छापलेला रिपोर्ट त्याने फाडला. नवा कागद घेतला, पेन उघडलं, आणि तसाच बसला.

“नमुना परत घेऊ, चाचा. पण सासरा कागद मागतोय. आज काय लिहून देऊ?”

चाचा पेटीतला स्क्रूड्रायव्हर शोधत होते.

“खरं ते लिही. दाराला कडी नाही.”